फणसेवहिनींचा सदुसष्ट वर्षांचा नातू

बटणाची छत्री बंद नळीच्या घसरगुंडीत उघडली तर नक्की काय होतं, हे स्वानुभवाने सांगणारा माणूस सहसा भेटत नाही. मी आहे.

छत्री उघडते, पण पुरती उघडत नाही. नळीच्या भिंतींना टेकेल एवढी उघडते आणि तिथे घट्ट बसते. ती शर्टाच्या आत, पाठीला, पट्ट्यात खोचलेली असेल तर आपणही तिच्याबरोबर घट्ट बसतो. शर्टाची बटणं मात्र सुटतात आणि आपल्या आधी खाली पोचतात. नळी पिवळ्या प्लॅस्टिकची असल्यामुळे आत सगळीकडे हळदीसारखा उजेड असतो. हळद लागलेल्या नवरदेवाइतकेच आपण पिवळे दिसतो, फक्त आडवे.

“कुठवर आलात?” खालून फणसेवहिनींचा आवाज आला.

“वळणापर्यंत.”

“मग या की पुढे. शौनक एव्हाना खाली येऊन परत वर गेला असता.”

“येता येत नाही. छत्री उघडली.”

माझं आणखी एक बटण टणटणत खाली गेलं.

“कुठली छत्री?” वहिनींनी विचारलं.

एप्रिलच्या उन्हात, पिवळ्या प्लॅस्टिकच्या त्या भट्टीत मला थंडी वाजली. कारण वर चढण्यापूर्वी त्यांनी मला तीनदा बजावलं होतं, खिसे रिकामे करा, हातात काही नको. मी डोक्यावर ऊन नको म्हणून छत्री आणली होती आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न मी शर्टात सोडवला होता.

वरच्या तोंडाशी पोरांची रांग लागलेली. “अंकल, स्टक झाले काय?” “अरे, मागून पुश करू या ना! वन, टू...” एका पोराने खरोखरच माझ्या डोक्यावर पाय ठेवून जोर लावला. तेवढ्यात शिट्टी वाजली. उद्यानाचा पहारेकरी, चांगदेव, खाली येऊन उभा राहिला.

“आत कोण हाय?”

“माझा नातू,” वहिनी म्हणाल्या.

चांगदेवने नळीत डोकावून पाहिलं. त्याला माझ्या टाचा दिसल्या असणार, आणि टाचा वय लपवत नाहीत.

“हा नातू?”

“हो.”

“किती वर्षांचा?”

“सध्या पाच,” वहिनी म्हणाल्या.

शेवटी वरून पोरांनी ढकललं, खालून चांगदेवने ओढलं, आणि आधी माझी एक चप्पल, मग मी, मग बराच वेळाने छत्री, अशा क्रमाने आम्ही जगात आलो. चांगदेवने मला उभं करून पाटीसमोर नेलं. ‘बारा वर्षांवरील व्यक्तींना खेळणी वापरण्यास सक्त मनाई.’

“वाचता येतं का आजोबा?” त्याने विचारलं. “ही छत्री जमा. आन परत ह्या गेटात दिसलात, तर बघा.”

मी शर्ट पोटाशी आवळून उभा होतो. वहिनींनी माझी बटणं मोजून रुमालात बांधली, आणि कुणीतरी एखाद्या कागदावर शिक्का मारावा तशा आवाजात म्हणाल्या, “घसरगुंडी नामंजूर.”

आता मी पाच वर्षांचा कसा झालो, ते सांगायला हवं.

सरोज फणसे आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत समोरच्या दारात राहतात. मूळच्या कल्याणच्या. आमचं येणंजाणं इतकं की त्यांच्या घरी कोलंबीची खिचडी झाली की वाटी आमच्याकडे येते आणि त्या दिवशी माझ्या शाकाहारी बायकोला अचानक मंदिरात जायचं असतं. फणसे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा ऋतुराज, सून विनिता आणि दोन नातवंडं ठाण्याला, घोडबंदर रोडला. श्रिया नऊ वर्षांची, शौनक पाच.

वहिनींची सारी नोकरी एका विमा कंपनीच्या दावे विभागात गेली. कुणी पडलं, आपटलं, भाजलं, चिमटलं की त्याचा अर्ज त्यांच्या टेबलावर यायचा आणि वहिनी स्वतः जागेवर जाऊन पाहून यायच्या. त्यामुळे तुम्हाआम्हाला जिना दिसतो तिथे त्यांना खुबा दिसतो. लग्नात सगळे रांगोळी बघत असतात तेव्हा त्या म्हणतात, “ही रांगोळी एक मनगट घेणार.” आमच्या इमारतीच्या प्रवेशद्वारात नवीन गुळगुळीत फरशी बसवली तेव्हा पेढे वाटले गेले. वहिनींनी पेढा घेतला, फरशीवरून एकदा पाऊल सरकवलं आणि “कंबर” एवढंच म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात सेक्रेटरी तिथे बसले. बसायचा त्यांचा विचार नव्हता, पण बसले.

अशा बाईच्या हातून नातवंड हरवलं होतं. तेही जत्रेत. निदान विनिताचं म्हणणं तसं होतं.

विनिता चांगली मुलगी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्टीत सून आली की वाचक सरसावून बसतात. झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत वहिनी दोघा मुलांना कल्याणच्या जत्रेत घेऊन गेल्या. शौनकच्या नाकात फुग्याची दोरी जाईल का, हे त्या बघत असताना श्रिया बांगड्यांच्या दुकानाकडे सरकली. मागे वळून बघते तर आजी नाही. पोरगी हुशार. ती रडली नाही. सरळ मांडवात गेली आणि थोड्याच वेळात साऱ्या जत्रेला लाउडस्पीकरवरून कळलं, “श्रिया फणसे हिची आजी हरवलेली आहे. निळ्या साडीतली आजी सापडल्यास कृपया मांडवात आणून द्यावी.”

निळ्या साडीतल्या आजीला दोन पोलिसांनी आणि एका कुल्फीवाल्याने आणून दिलं.

मुलांनी घरी जाऊन ही गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली. विनिता हसली, पण त्यानंतर मुलं आजीबरोबर बाहेर गेली नाहीत. कधी परीक्षा, कधी सर्दी, कधी पोहण्याचा वर्ग. विनिताने स्पष्ट नकार दिला नाही, आणि वहिनींनी स्पष्ट विचारलं नाही. मात्र चार-सहा महिने त्या फरशीकडे न बघता चालायला लागल्या, तेव्हा मला काळजी वाटली.

मार्चमध्ये विनिताने फोन केला. मी तेव्हा समोरच खिचडी खात होतो, आणि वहिनींचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

“आई, मे महिन्यात दोघांना एका समर कॅम्पला घालायचं म्हणतोय. जागा धरून ठेवल्यात. पण मुलं म्हणतात आजीकडे जायचं.”

“मग येऊ देत की.”

“पंधरा दिवस, आई. घरात नाही बसायची ती. बाहेर न्यायला लागेल रोज. तुमचा गुडघा, आणि परत... म्हणजे, दोघांना एकटीने...” मग विनिता म्हणाली, “असं करू या का? एप्रिलमधला एक रविवार. दिवसभर तुम्ही त्यांना फिरवून आणा. जमलं तर मे महिन्यात ती तुमच्याकडे. कॅम्पवाल्यांना मला त्याच रात्री हो-नाही सांगायचंय.”

“एकटी नाही, मधुभावजी बरोबर असतील,” वहिनी म्हणाल्या. मधु म्हणजे मी.

“बरं,” विनिता म्हणाली. “मग दोन नाही, तीन सांभाळायचे.”

वहिनींनी फोन ठेवला, कपाटातून निळी कापडी पिशवी काढली आणि मला म्हणाल्या, “खिचडी संपवा. उद्यापासून पाहणी.”

पाहणी म्हणजे काय, हे मला दुसऱ्या दिवशी टिटवाळ्याला कळलं. पाहिल्याशिवाय दावा मंजूर नाही, हा वहिनींचा जन्माचा नियम. मुलांना जिथे न्यायचं ती जागा आधी जाऊन बघायची. नुसती बघायची नाही, मुलाला घेऊन बघायची. मूल नव्हतं. मी होतो.

“तुम्ही आज शौनक,” त्या देवळाच्या रांगेत म्हणाल्या.

“म्हणजे काय करू?”

“पाच वर्षांचं मूल जे करतं ते. मधून मधून ‘कंटाळा आला’ म्हणा. पाणी मागा. रेलिंगला लोंबकळा.”

“वहिनी, लोक आहेत.”

“शौनकला लोकांची पर्वा नसते.” आणि मग साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, “सू लागली का?”

पुढचे चार भाविक वळले. मी मान खाली घालून म्हणालो, “थोडी.” खरंच लागली होती.

तर अशी आमची सुरुवात. देऊळ झालं, शेजारचं तळं झालं. मग कल्याणला दुर्गाडी किल्ला. तिथे मी श्रिया होतो, म्हणजे मला प्रश्न विचारायचे होते. “आजी, ही खाडी कुठे जाते? तोफ कुणी ठेवली? शत्रू पायऱ्यांवरूनच का येतो?” वहिनी प्रत्येक पायरीवर चप्पल घासून बघत होत्या. म्हणाल्या, “शत्रू ह्या पायऱ्यांवरून आला असेल तर घोटा घेऊन परत गेला असेल.”

निळी पिशवी सतत त्यांच्या खांद्यावर. तिच्यात पाण्याच्या बाटल्या, ओले रुमाल, सुकी चप्पल, सेफ्टी पिना, उलटी झाल्यास, खरचटल्यास, चावल्यास आणि ‘काही न झाल्यास’ अशा पुड्या. ह्या शेवटच्या पुडीत लिमलेटच्या गोळ्या असत. दुर्गाडी चढताना त्यांचा गुडघा कुरकुरतोय हे दिसत होतं. मी म्हटलं, द्या ती पिशवी. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“मुलांच्या हातात पिशवी देत नसतात.”

त्यांनी पिशवी कुणाच्याच हातात दिली नाही. जत्रेतल्या दिवसानंतर त्या कशावरचीही पकड सोडायला तयार नव्हत्या.

ठाण्याला तलावपाळीवर त्यांनी मला हट्ट करायला सांगितला. “मुलं हट्ट करणारच. मला नाही म्हणायचा सराव हवा.” समोर गुलाबी बुढ्ढी के बाल विकणारा उभा होता. मी म्हणालो, मला ते पाहिजे. त्या म्हणाल्या, नाही, दात किडतात. मी पाय आपटला. त्या म्हणाल्या, नाही म्हणजे नाही. आणि काय सांगू, मला खरंच वाईट वाटलं. लहानपणी मी कधी हट्ट केला नव्हता, आणि आमचा मुलगा अपूर्व परदेशात. तिथे नातवंडाचा विषय काढला की नेटवर्क जातं. बुढ्ढी के बाल पन्नास वर्षांत खाल्ले नव्हते. शेजारच्या बाकावरच्या एक बाई वहिनींना म्हणाल्या, “घेऊन द्या हो बिचाऱ्यांना. ह्या वयात आणखी काय मागणार?”

वहिनींनी दिलं नाही. परतीच्या बसमध्ये मी रुसून खिडकीशी बसलो. तो सराव नव्हता.

घरी बायको म्हणाली, “आज कोण होतास?”

“शौनक.”

“मग दूध पी आणि झोप.”

शेवटची पाहणी घोडबंदर रोडजवळच्या त्या उद्यानाची. तिचं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

परीक्षेचा रविवार उजाडला. ऋतुराजने मुलांना तलावपाळीवर आणून सोडलं. संध्याकाळी विनिता घराजवळच्या उद्यानातून त्यांना घेऊन जाणार होती. मधला सारा दिवस आमचा.

आणि तो दिवस इतका चोख पार पडला की काय सांगू. होडीत बसण्याआधी वहिनींनी प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे ओढून पाहिले. “डावीकडे बसा, परतताना ऊन उजवीकडून येतं.” खरोखर तसंच आलं. शौनकने तहान लागली म्हणायला तोंड उघडलं की आत पाणी. श्रियाच्या केसांत वारा जायच्या आत पिन. पाण्याच्या मध्यावर शौनक म्हणाला, “आजी, तिकडे पलीकडे काय आहे?”

“काही नाही,” वहिनी म्हणाल्या. “परवा जाऊन आलो.”

जेवायला इडली, कारण इडलीत काटा, हाड, बी, काही नसतं. हॉटेलही असं निवडलेलं की हात धुवायचं बेसिन शौनकच्या उंचीचं. मग तलावाकाठच्या नाट्यगृहात बालनाट्य. त्यात एक आळशी राजपुत्र होता, एक पोपट आणि एक राक्षस. ते नाटक वहिनींनी आधीच्या रविवारी पाहून ठेवलं होतं. शौनक घाबरू नये म्हणून त्या त्याच्या कानात सांगत होत्या.

“आता अंधार होईल हं. घाबरायचं नाही.”

अंधार झाला.

“आता डावीकडून राक्षस येईल. तो खोटा आहे. त्याच्या पायात स्पोर्ट्स शूज आहेत.”

राक्षस आला. शौनकने त्याचे शूज बघितले.

“आता पोपट मेला असं वाटेल, पण मेलेला नाही.”

“आजी, सांगू नको ना!” शौनकने आजीच्या तोंडावर दोन्ही हात ठेवले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुढे वाकून म्हणाले, “आजी, आता शेवटही सांगून टाका, म्हणजे आम्ही पार्किंगमधून गाडी काढतो.”

नाटक सुटलं. बाहेर पोरं ओरडत होती, राक्षसासारखी चालत होती. आमची दोघं नाकासमोर चालत होती. वहिनी मात्र खुशीत. कुणाला खरचटलं नाही, कुणी ओकलं नाही, कुणी हरवलं नाही. त्या श्रियाला म्हणाल्या, “मग? मजा आली की नाही?”

श्रिया प्रामाणिक मुलगी आहे. तिने विचार केला.

“आली. पण आजी, तुला सगळं आधीच माहीत असतं. कॅम्पमध्ये कसं, काय होणार ते कुणालाच माहीत नसतं.” मग तिला वाटलं की हे जरा जास्त झालं, म्हणून ती म्हणाली, “इडली छान होती.”

वहिनींनी पिशवीची गाठ सोडली आणि परत बांधली. मग परत सोडली आणि बांधली. रिक्षात मी दोनतीन विनोद करून पाहिले, ते माझ्याच मांडीवर पडले. मे महिना आमच्या डोळ्यांदेखत कॅम्पला चालला होता, आणि त्याला रोखायला पिशवीत एकही पुडी नव्हती.

उद्यानाच्या फाटकाशी रिक्षा थांबली. मी मुद्दाम मुलांच्या मागे, मान खाली घालून, वहिनींच्या पदराआड आत शिरायला लागलो.

“ओ! छत्रीवाले आजोबा!”

चांगदेव खुर्चीतून उठला होता.

“कोण छत्रीवाले?” श्रियाने विचारलं.

“चला, चला पुढे,” मी म्हणालो.

“अरे, तुम्हाला ठाऊक नाही?” चांगदेवला असा श्रोता कित्येक दिवसांत मिळाला नसावा. “हे आजोबा त्या पिवळ्या नळीत अडकले होते! शर्टात छत्री घेऊन! मी विचारलं आत कोण हाय, तर ह्या आजी म्हणतात, माझा नातू! मी म्हणलं किती वर्षांचा, तर म्हणतात, सध्या पाच!”

शौनकने माझ्याकडे पाहिलं. मग नळीकडे. मग परत माझ्याकडे. “मधुआजोबा, तू मी झाला होतास?”

“टिटवाळ्याला, ठाण्याला आणि इथे,” मी कबूल केलं. “कल्याणला मी श्रिया होतो.”

श्रिया फाटकातच खाली बसली. हसता हसता तिला उचकी लागली. “आजी! आणि तू त्याला... तू त्याला पण सू लागली का विचारलंस?”

“सगळ्या रांगेत,” मी म्हणालो.

आता वहिनींच्या हातात काही राहिलं नाही. पुढची पाचदहा मिनिटं टिटवाळ्याची रांग, दुर्गाडीचा शत्रू आणि न मिळालेले बुढ्ढी के बाल, हे सगळं मला तीन तीन वेळा सांगावं लागलं. चांगदेव शेजारी उभा राहून माझ्या विसरलेल्या जागा भरून काढत होता. मग श्रियाने डोळे पुसले आणि जाहीर केलं, “आता आमची पाहणी. मी आजी. शौनक मधुआजोबा. तुम्ही दोघं आम्ही.”

“हे काय भलतंच?” वहिनी म्हणाल्या.

“पिशवी दे, सरोज.”

“श्रिया!”

“मुलांच्या हातात पिशवी देत नसतात,” श्रिया म्हणाली. हे तिला मीच सांगितलं होतं. तिने आजीच्या खांद्यावरून निळी पिशवी उतरवली आणि स्वतःच्या खांद्यावर अडकवली. ती तिच्या गुडघ्यापर्यंत आली. वहिनींचा रिकामा हात थोडा वेळ तिथेच हवेत राहिला.

मला भूमिका नवी नव्हती. मी लगेच पाय आपटले आणि शौनकआजोबांकडे बुढ्ढी के बाल मागितले. त्यांनी वहिनींना, म्हणजे श्रियाला, विचारलं. श्रियाने पिशवीतल्या पाकिटातून पैसे काढून दिले आणि फाटकाबाहेरून गुलाबी ढग आला. वहिनींनी “दात...” असं सुरू केलं, पण श्रियाने त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

“आणि सरोज, तुला काय हवंय?”

वहिनींना येईना. दावे, पायऱ्या, खुबे, मनगटं, सगळं पाठ असलेल्या बाईला लहान होता येईना. त्या इकडे बघत होत्या, तिकडे बघत होत्या. शौनकने त्यांचा हात धरून हलवला. “कंटाळा आला म्हण. तसं म्हटलं की सुचतं.”

“कंटाळा आला,” वहिनी म्हणाल्या. आणि मग, इतक्या बारीक आवाजात की मला वाटलं दुसरंच कुणी बोललं, “झोका.”

“बोर्ड!” चांगदेव पुढे आला. “आजी, तुम्ही तरी...”

“ही माझी नात आहे,” श्रिया म्हणाली.

“किती वर्षांची?”

“सध्या सहा.”

चांगदेवने पाटीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, माझ्या गुलाबी मिशांकडे पाहिलं. मग तो फाटकाकडे वळला आणि तिथे नसलेल्या कुणावर तरी जोरात शिट्टी वाजवायला लागला.

वहिनी झोक्यावर बसल्या. “साखळीचं वरचं कडं बघा आधी,” त्या म्हणाल्या. श्रियाने वर बघितल्यासारखं केलं. शौनकने मागून डोकं लावून ढकललं. पहिल्या झोक्याला वहिनींनी डोळे मिटले. दुसऱ्याला एक उघडला. चारपाच झोके गेले आणि पदर मागे उडाला, आणि आमच्या इमारतीत ज्यांचा आवाज ऐकून दूधवाला सावरून उभा राहतो, त्या सरोज फणसे ओरडल्या, “जोरात रे!”

नेमकी त्याच क्षणी विनिता आली.

मी तिला पाहिलं आणि हातातली काडी पाठीमागे लपवली. तिला जे दिसलं ते असं: सत्तरीच्या सासूबाई हवेत. त्यांना ढकलणारा पाच वर्षांचा मुलगा घामाने निथळतोय. मुलगी झोक्याशेजारी कमरेवर हात ठेवून, खांद्यावर गोणीएवढी पिशवी. आणि जो एक मोठा माणूस सोबतीला म्हणून दिला होता, त्याच्या मिशा गुलाबी.

“आई!”

वहिनींनी पाय टेकायचा प्रयत्न केला. झोका थांबेना. मुलांसाठीच्या झोक्यात त्या बसल्या होत्या खऱ्या, पण निघणं हा वेगळा विषय होता. “विनिता, मी तुला सांगते,” असं म्हणत त्या मागे गेल्या, आणि “सगळं नीट झालं, अगदी नीट,” असं म्हणत पुढे आल्या.

“मम्मा, थांब,” श्रिया म्हणाली. “तिची टर्न अजून संपली नाही.”

विनिता थांबली. “पडलं कुणी?” तिने शौनकला विचारलं.

“अजून नाही.”

“हरवलं?”

“नाही. पण मम्मा, मधुआजोबा नळीत अडकला होता! छत्री घेऊन! आणि राक्षसाला शूज होते! आणि आजीला सू...” त्याला सगळं एकदम सांगायचं होतं, म्हणून त्याने काहीच पुरं सांगितलं नाही आणि परत ढकलायला धावला.

विनिताने झोक्याची साखळी धरली. मी आणि चांगदेवने मिळून वहिनींना उतरवलं. चांगदेव मला म्हणाला, “आजोबा, आता आपला सराव झाला.” वहिनींनी पदर सारखा केला. केस विस्कटलेले, पिन कुठेतरी पडलेली, आणि सकाळपासून जपलेला चेहरा पार उतरलेला. पुढचा निकाल त्यांना दिसत होता. आयुष्यभर त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या होत्या.

“गुडघा?” विनिताने विचारलं.

“दुखतोय,” वहिनी म्हणाल्या. खोटा दावा त्यांनी कधी केला नव्हता.

विनिताने पर्समधून फोन काढला आणि जरा बाजूला गेली. आम्ही सगळे कान देऊन उभे. शौनकसुद्धा. “हो, फणसे. दोन जागा. नाही, नको आहेत. हो, दोन्ही... कारण?” तिने वळून आमच्याकडे बघितलं, मुख्यतः माझ्या मिशांकडे. “कारण मुलांना दुसरीकडे जागा मिळाली.”

शौनकने माझ्या पोटात डोकं घातलं. हा त्याचा आनंद व्यक्त करण्याचा प्रकार आहे. वहिनी खाली वाकून वाळूत पडलेली पिन शोधायला लागल्या आणि बराच वेळ शोधत राहिल्या. पिन त्यांच्या पायाशीच होती.

“आजी, पण एक अट,” श्रिया म्हणाली. “मे महिन्यात आधी जाऊन बघून यायचं नाही. प्रॉमिस?”

“अगं, पण पायऱ्या, पाणी...”

“प्रॉमिस?”

पिन केसांत खोचेपर्यंत वहिनींनी वेळ घेतला. “बरं,” त्या म्हणाल्या.

ती माणसं गेली. चांगदेवने माझी छत्री परत दिली. दोन काड्या वाकल्या होत्या, पण तो म्हणाला, उन्हापुरती चालेल. आम्ही डोंबिवलीच्या बससाठी थांब्यावर येऊन उभे राहिलो. निळी पिशवी पुन्हा वहिनींच्या खांद्यावर. त्या खुशीत होत्या. समोरच्या फूटपाथची एक फरशी निघालेली होती, त्यांनी पाहिली आणि काही म्हणाल्या नाहीत.

मला मात्र बोच लागली होती. पाहणी बंद. म्हणजे टिटवाळ्याची रांग बंद, प्रश्न बंद, हट्ट बंद. तीन आठवडे मी कुणाचा तरी नातू होतो आणि ती नोकरी आज सुटली होती. तीही मीच नळीत अडकल्यामुळे.

“वहिनी,” मी म्हटलं, “आता तुमची खरी नातवंडं येणार. मग मे महिन्यात मी तुमच्याबरोबर येऊ तरी कोण म्हणून?”

वहिनींनी खांद्यावरची पिशवी उतरवली, माझ्या हातात दिली आणि येणाऱ्या बसकडे बघत म्हणाल्या,

“हमाल म्हणून.”